तुसाच्या गोण्यांमधला आवाज

आमच्या अल्बममधल्या शेवटच्या गाण्यात, ते संपायला थोडंच उरलेलं असताना, एक जागा येते. गिटार खाली बसते, ड्रम थांबतो आणि एकटा आवाज वर चढत जातो. चढता चढता तो फाटतो. फाटल्यावरही थांबत नाही. ओल्या लाकडातून करवत ओढावी तसा घासत थोडा पुढे जातो आणि मग काहीच नाही, आम्ही रेकॉर्डिंग केलं त्या गिरणीच्या पत्र्यावरचा वारा तेवढा ऐकू येतो. त्यानंतर गिटार परत येते.

या जागेबद्दल मला लोक लिहितात. ज्या देशांत मी कधी जाणार नाही तिथले लोक. एकाने विचारलं, हा आवाज कुठल्या यंत्रातून काढलात? एकीने लिहिलं, ही जागा आली की तिला दर वेळी रडू येतं. एका मुलाने तेवढाच तुकडा कापून फोनची रिंगटोन केली आहे. मी सगळ्यांना आभाराचं उत्तर पाठवतो. यंत्र नव्हतं, हे कुणालाच लिहीत नाही. तो माझ्या मित्राचा गळा होता, आणि त्या जागेनंतर तो गळा पुन्हा चालला नाही.

ही गोष्ट मी वेगवेगळ्या माणसांना तुकड्यातुकड्याने सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातला माझा भाग थोडा लहान केला आहे. म्हणून आता क्रमाने लिहितो.

आम्ही तिघे होतो, तिघेही पंचेचाळिशी ओलांडलेले. मी खोपोलीकडच्या एका कारखान्यात पाळीवर सुपरवायझर. गिटार कॉलेजपासून माझ्याजवळ आहे. कर्जतला एका मित्राच्या खोलीवर एका कॅसेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरवलेलं जड, हेवी मेटल म्हणतात ते संगीत आम्ही ऐकायचो. शब्द कळायचे नाहीत, आवाजही निम्मा घरघरीत गेलेला असायचा. तरी त्या घरघरीत मला जे सापडलं ते नोकरी, लग्न, मुलं यांतून सुटलं नाही. आमचा ड्रमर बेंजो पार्टीतला. हळदीला, विसर्जनाला वाजवणारा. तालाचा हिशोब त्याला सांगावा लागत नसे. सात मात्रांत मोडलेला ठेका मी तोंडाने धरून दाखवला की तो म्हणायचा, "लंगडी घोडी हाय ही. चालव, मी धरतो." आणि धरायचा.

तिसरा माझा मित्र, खालापूर तालुक्यातल्या एका गावचा. पावसाळ्यात तो टेंपो चालवायचा आणि भात कापून शेतं सुकली की समालोचन करायचा. आमच्याकडे भातकापणीनंतर शेताशेतांत टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. बांध सपाट करतात, मंडप घालतात, बांबूंवर भोंगे चढवतात. त्या भोंग्यांतून दिवसभर जो आवाज गावावरून फिरतो तो बहुतेक मैदानांवर माझ्या मित्राचा असायचा. लोक त्यालाच भोंगा म्हणायचे. "भोंगा आला का रं?" असं विचारत माणसं मैदानावर यायची, कुठले संघ खेळतायत हे नंतर विचारायची. चेंडू सीमेपार गेला की तो ओरडायचा, "गेला उल्हास नदीत अंघोळीला, कपडं घेऊन जा रं कुणीतरी त्याचं!" म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. टेंपोच्या स्टिअरिंगमागे तो चारचौघांसारखा होता. माइक हातात आला की त्याच्याशिवाय खेळ सुरू होत नसे. हे मला माहीत होतं. ते सगळं मी नंतर त्याच्याकडून हिरावून घेतलं, म्हणून आधी लिहून ठेवतो.

त्याला बँडमध्ये मीच ओढलं. एका अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर त्याने जी आरोळी ठोकली ती ऐकून मी मंडपामागे जाऊन त्याला धरलं.

"गातोस का माझ्याकडं?"

"मी? मला आरतीला पन मागं उभं करतात."

"गायचं नाहीय. आत्ता ओरडलास तसंच. फक्त हळू, आणि खालून."

"हळू ओरडायचं? दारू प्यालास काय रं दुपारची?"

पण तो आला. आमचं संगीत कसं आहे असं कुणी विचारलं तर मी चिखलणीचं सांगतो. लावणीआधी शेतात गुडघाभर चिखल करतात. त्यात पॉवर टिलर अडतो, गुरगुरतो, उचल खातो, पुन्हा रुततो. आमची गिटार तशी. मात्र एकच चाल धरून आम्ही कधी बसलो नाही. गाणं पंधरा-वीस मिनिटं चालायचं, मध्येच ताल मोडायचा, सगळं शांत होऊन पाण्यासारखं एक वळण यायचं आणि मग पुन्हा चिखल. अल्बमचं नाव आम्ही 'राब' ठेवलं. भाताची रोपं करायची जमीन उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून भाजतात, तो राब. पहिल्या गाण्यात भाजणी होती, मग पेरणी, उपटलेली रोपं, चिखल, कापणी, आणि शेवटच्या गाण्यात रिकामं शेत. शब्द माझे होते. रिकाम्या शेताला तोंड फुटतं, एवढीच शेवटच्या गाण्याची कल्पना.

मित्राला पहिल्यांदा ती खालची गुरगुर जमली तेव्हा ड्रमर काठ्या टाकून दाराकडे पळाला. "बाहेर कुनाची म्हस विते का बघून येतो," म्हणाला. आम्ही तिघे हसून हसून खाली बसलो. ते दिवस चांगले होते. त्यांच्यामुळे पुढचं जास्त वाईट वाटतं.

रेकॉर्डिंग आम्ही आमच्या बंद भातगिरणीत केलं. पळसदरीच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत. वडिलांनंतर ती चालली नाही, यंत्रं विकली गेली आणि रिकामी पत्र्याची शेड उरली. शेडमध्ये आवाज फार घुमायचा. स्टुडिओतले लोक भिंतींना स्पंज लावतात. आमच्याकडे कोपऱ्यात तुसाच्या, म्हणजे भाताच्या टरफलांच्या, गोण्या पडून होत्या, वीटभट्टीवाल्यांनी न उचललेल्या. मी त्या तिन्ही भिंतींना छतापर्यंत रचल्या. टाळी वाजवली आणि टाळी जागच्या जागी मेली. इतका आनंद मला मुलाच्या बारशालाही झाला नसेल. अल्बमबद्दल लिहिणारे म्हणतात, याचा आवाज मातीखालून आल्यासारखा आहे. तो तुसाचा आवाज आहे.

तूस काय असतं ते भातवाल्यांना सांगायला नको. वर्षानुवर्षं पडलेल्या गोण्या उंदरांनी कुरतडलेल्या होत्या. ड्रम जोरात वाजला की शिवणीतून बारीक भुकटी उडायची आणि कवडशात तरंगत राहायची. अंगाला खाज सुटायची. घशात गेली की खोकला थांबत नसे. मी गिटार वाजवायचो तोंडाला रुमाल बांधून. ड्रमरही बांधायचा. गाणाऱ्याला रुमाल बांधता येत नाही.

चार गाणी झाली आणि स्पर्धांचा हंगाम सुरू झाला. मित्र म्हणाला, "उरलेली दोन चैत्रात करू. आता दिसभर मैदानावर हाय मी. गळा नुसता सोलून निघतोय."

"चैत्रात गिरणी नसेल."

हे खरं होतं आणि नव्हतंही. माझ्या भावाने ती जागा फार्महाऊसवाल्याला द्यायची बोलणी केली होती. होळीनंतर पाडू, असं तो म्हणाला होता. दोन महिने थांब, एवढंच मी भावाला म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर तो थांबला असता. पण अल्बमसाठी भावापुढे शब्द टाकायची मला लाज वाटली, कारण घरात सगळे या नादाला हसायचे. भावाचं हसू चुकवायला मी मित्राला सांगितलं की वेळ नाही. तो व्यवहार पुढे फिसकटला. गिरणी आजही उभी आहे.

"मग ह्या गोनी तरी बाहेर टाकू," तो म्हणाला. "चादरी लावू, गोधड्या लावू. माझी बायको देते जुन्या."

"चार गाण्यांत गोण्यांचा आवाज आहे. पाचव्यात गोधडीचा आला तर कळेल."

"कुनाला कळंल?"

"मला."

तो माझ्याकडे बघून हसला. "तू येगळाच हायस," म्हणाला आणि खोकला.

पाचवं गाणं कसंबसं झालं. सहाव्यासाठी मी एक नियम केला होता: आवाज एका दमात घ्यायचा, मध्ये कापून जोडायचा नाही. आजकाल सगळे जोडतात. एक ओळ आज, दुसरी उद्या, वाईट शब्द काढून चांगला घालायचा. मला ते खोटं वाटायचं. कापायचं नाही, हे मी त्या दोघांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की ड्रमर मला न्हावी म्हणायचा. "आमचा न्हावी कात्रीच धरत नाय," म्हणायचा.

माझी साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. सहाव्या गाण्यासाठी ठरलेल्या सोमवारच्या आदल्या दिवशी कर्जतजवळच्या एका मोठ्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, आणि मित्राने तो सकाळपासून बक्षीस समारंभापर्यंत एकट्याने ओढला होता. सोमवारी सकाळी तो गिरणीत आला तेव्हा त्याचा "काय रं" मला नीट ऐकू आला नाही. गरम पाण्याची बाटली त्याने बगलेत धरली होती, आत हळद आणि मीठ. मी म्हणालो, बसलेला आवाज या गाण्याला चांगलाच आहे. मनापासून म्हणालो, यात मला काही वावगं दिसलं नाही.

पहिल्यांदा तो मध्येच खोकला. दुसऱ्यांदा शेवटच्या चढणीआधी त्याचा दम गेला. त्याने हात वर केला, भिंतीकडे वळून वाकला आणि गोण्यांच्या पायथ्याशी सांडलेल्या तुसात थुंकला. तूस पिवळट असतं. त्यावरची थुंकी गुलाबी होती. ती मी पाहिली. आम्हाला काही दिसलं नाही, असं मी नंतर सांगत आलो. मला दिसली होती.

ड्रमरनेही पाहिली असावी. त्याने काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या. "बास आज. मानूस हाय का बैल?"

मित्र माझ्याकडे बघत होता. मी बास म्हटलं असतं तर तो बसला असता, हे त्या बघण्यात स्पष्ट होतं. आणि मी म्हणालो, "मैदानावर दिवसभर बोंबलतोस तेव्हा नाही दुखत. चार टवाळ पोरं टाळ्या वाजवतात म्हणून घसा फोडून घेतोस. इथं एकदा खरं काहीतरी करायचंय तर लगेच नाजूक झालास. भोंगा लोखंडाचा असतो म्हणे."

ड्रमर म्हणाला, "ए, तोंड सांभाळ."

मित्राने बाटलीतलं पाणी घेऊन गुळणी केली, ती गिळली आणि माइकसमोर उभा राहिला. काठ्या उचल, अशी त्याने ड्रमरला बोटाने खूण केली.

त्या वेळचं गाणं सुरुवातीपासून चांगलं होतं. मला ते तेव्हाच कळत होतं, आणि त्या आनंदात मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटची चढण आली. गिटार बसली, ड्रम थांबला, तो एकटा वर गेला आणि फाटला. फाटलेला आवाज घेऊन तो पुढे गेला, कारण एका दमात करायचं होतं. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून फक्त हवा आली. आम्ही गिटार आणि ड्रम लावून गाणं शेवटपर्यंत नेलं. तेही मीच केलं. तो गळा धरून उभा असताना मी ड्रमरला मान हलवून खूण दिली आणि सूर उचलला.

गाणं संपल्यावर मी आधी लॅपटॉपकडे गेलो. रेकॉर्डिंग नीट आलंय का पाहिलं, फाइल साठवली, पेन ड्राइव्हवर एक प्रत काढली. त्यानंतर मी मित्राकडे वळलो. तो गोणीवर बसला होता, केसांत तूस. त्याने अंगठा वर करून भुवई उडवली: जमलं का? मी म्हणालो, "जमलं." त्यावर तो हसला, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. आम्हाला वाटलं, गंमत करतोय.

पनवेलला घशाच्या डॉक्टरांकडे मीच त्याला गाडीतून नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूत रक्त साकळलं होतं आणि एका बाजूला चीर गेली होती. पूर्ण मौन सांगितलं, कुजबूजसुद्धा करायची नाही. मग विचारलं, "करता काय तुम्ही? धुळीत काम आहे का?" मित्र बोलू शकत नव्हता. मी त्याच्या वतीने सांगितलं, "समालोचक आहे, डॉक्टर. दिवसभर मैदानावर ओरडतो." डॉक्टर म्हणाले, "मग होणारच." मित्राने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला मान हलवून नाही म्हणता आलं असतं, पण तो समोरच्या भिंतीवरचा कानाचा तक्ता बघत बसला.

तेव्हापासून गावात, मैदानांवर, त्याच्या घरीही तेच ठरलं: स्पर्धांनी त्याचा गळा खाल्ला. मौन संपलं, औषधं झाली, एक छोटी शस्त्रक्रियाही झाली. जो आवाज उरला तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, आणि तोही वाक्याच्या मध्यावर संपणारा. पुढच्या हंगामात मंडळाच्या पोरांनी त्याचा सत्कार ठेवला. तेव्हा मी मंडपात मागच्या बाजूला उभा होतो. शाल घातली, नारळ दिला, त्याच्या आवाजाच्या आठवणी सांगितल्या. नवा समालोचक, पंचविशीचा पोरगा, भारावून गेला आणि रीतीप्रमाणे त्याने माइक पुढे केला. "दादा, दोन शब्द!"

माझ्या मित्राला नकार देता आला असता. पण त्याने माइक घेतला. चारी भोंग्यांतून आधी श्वास आला, मग घासणं, मग "मंडळी" मधला "मं" आला आणि "डळी" गेला. त्याने पुन्हा सुरुवात केली. मग बांधावर बसलेल्या पोरांतला एक ओरडला, "भोंग्याची वायर तुटली रं!" आणि सगळं मैदान हसलं. मोठी माणसंही हसली. मला वाटतं, त्याच्या इतक्या वर्षांच्या विनोदांची त्यांना सवय झाली होती, यावरही हसायचं असेल असं त्यांना वाटलं. तोही हसला. मग हसता हसता त्याने मंडपात मला शोधलं आणि बघत राहिला. मला पुढे जाऊन माइक घेता आला असता. हे मैदानावर झालेलं नाही, माझ्या गिरणीत झालंय, एवढं म्हणता आलं असतं. मी नारळाच्या पाटीमागे सरकलो.

अल्बम आम्ही इंटरनेटवर टाकला होता तो त्याच सुमारास दूरवर ऐकला जाऊ लागला. सुरुवातीला ज्यांची पत्रं आली असं लिहिलं ते हेच लोक. ड्रमरला मी एकदा त्यातलं कौतुक वाचून दाखवलं. तो उठला आणि झांजा पिशवीत भरायला लागला. "मी हळदीला वाजवतो तेच बरं," म्हणाला. "तिथं मानसं नाचून दमतात. घरी चालत जातात." त्यानंतर तो आला नाही.

यंदा, दिवाळीनंतर, बाहेरच्या एका छोट्या कंपनीने 'राब'ची तबकडी काढायची तयारी दाखवली. जुन्या पद्धतीची काळी तबकडी. गाणी नव्याने नीट करून पाठवा म्हणाले. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही आणि मग एकदम हलकं वाटलं. माझं ठरलं होतं. ती जागा कापायची. दुसऱ्या प्रयत्नात गाण्याच्या मध्यावर येणारी, न फाटलेली एक छोटी चढण माझ्याकडे होती, ती मी तिथे जोडली. तबकडीवर माझ्या मित्राचा चांगला आवाज राहील. हे प्रायश्चित्त आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि नवं गाणं फोनवर घेऊन त्याच्या घरी गेलो.

तो ओटीवर भोंग्याची तार गुंडाळत बसला होता. आता तो हेच काम करतो. मैदानांवर भोंगे बांधतो, वायरी ओढतो, माइक दुसऱ्याच्या हातात देतो. त्याच्या बायकोने चहा आणला. "भावोजी, तुमी तरी सांगा यांना. ज्या मैदानानं वाटोळं केलं तिथंच जातात रोज."

मी फोनवरून गाणं लावलं. चढण आली, जोडलेल्या सुरावरून साफ पुढे गेली, आणि गाणं संपलं. त्याने तार खाली ठेवली.

"कापलंस?"

"तुझ्यासाठी. तबकडीवर तुझा तेवढा चांगला आवाज..."

"तूच म्हनायचास ना. कापायचं नाय." दर दोन-तीन शब्दांनी त्याला थांबून थुंकी गिळावी लागत होती. "जोडलं की खोटं."

"चुकत होतो मी. मला ती जागा ऐकवत नाही रे."

"ऐकवत नाय." तो पुढे सरकला. "म्हंजे तुला झोप लागावी म्हनून. तुझं पाप पुसायला. माझा आवाज काय फडकं हाय?"

त्याची बायको दारात उभी होती. आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटून मी तिच्याकडे वळलो. "वहिनी, मैदानानं नाही केलं ते. माझ्या गिरणीत झालं. थुंकीतून रक्त आलेलं मी पाहिलं होतं, तरी मी त्याला उभं केलं."

ती दचकली नाही. तिने माझा कप उचलला, तो अजून अर्धा भरलेला होता. "माहीत हाय," ती म्हणाली. "त्या दिशी यांच्या केसांत तूस हुतं. मैदानावर तूस कुठनं येतंय? वाट बघत हुते तुमी कवा बोलता ते. लई चहा प्यालात." आणि कप घेऊन आत गेली. मघाशी ती भावोजी म्हणाली होती ते शेवटचं.

मी मित्राला म्हणालो, "काय करू सांग. तू म्हणशील ते करतो."

त्याने खालची तार पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "तबकडीवर जशीच्या तशी जाऊ दे. तेवढाच मी उरलोय कुठंतरी." पुन्हा गिळून म्हणाला, "आनि सोमवारी मैदानावर ये. सकाळी."

मी गेलो. शेत अजून दवाने ओलं होतं. त्याने मला शिडी धरायला लावली आणि बांबूवर चढून भोंगा बांधला, मग दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा. भोंगे बांधून झाले की आमच्याकडे कुणीतरी हॅलो हॅलो म्हणून माइक तपासतो. त्याला हॅलो म्हणता येत नाही. त्याने हात पुढे केला, मी माझा फोन दिला. त्याने त्याला वायर लावली, न कापलेलं शेवटचं गाणं काढलं, बोटाने सरकवत बरोबर चढणीवर आणलं आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

त्याचा आवाज शेतांवरून गेला, रस्ता ओलांडून वाडीपर्यंत. तिथे फाटला आणि घासत पुढे गेला. झाडावरची पाखरं उठली. रोलर फिरवणारी पोरं थांबली. "ए, बंद कर रं, काय डुक्कर मारतो काय!" एक ओरडला. मित्राने ऐकून घेतलं, भोंग्याखाली जाऊन मान तिरपी केली, चिरका येतोय म्हणून वायर काढून पुन्हा लावली आणि तीच जागा परत वाजवली. मी कानांवर हात नेला तेव्हा त्याने मनगट धरून तो खाली केला. रागाने नाही, मुलाचा हात खाली करावा तसा.

तेव्हापासून दर सोमवारी मी जातो. सुट्टीच्या दिवशी कुठे जाता, असं घरी विचारतात तेव्हा मी क्रिकेट म्हणतो. मैदानावरच्या पोरांना आता सवय झाली आहे. ती जागा वाजली की कुणीतरी हसत म्हणतं, "भोंगा आला," आणि पॅड बांधायला लागतं. तबकडी छापून झाली, एक प्रत माझ्याकडे आली, मी ती उघडलेली नाही. मित्राला दुसरी प्रत दिली ती त्याने उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ही भोंग्याला लागते का. नाही, तिला वेगळं यंत्र लागतं, असं मी सांगितलं. त्याने ती मला परत दिली आणि शिडीकडे बोट दाखवलं.

परवा त्याने बांबूवरून खाली उतरताना मला फोन वायरीला जोडायला सांगितला. त्याचे हात तारेत गुंतले होते. मी वायर लावली, पण चढणीवर आणताना बोट थांबलं, आणि मी थोडं आधीचं लावलं, जिथे त्याचा आवाज अजून शाबूत आहे. भोंग्यांतून तो खोल, अखंड आवाज निघाला तेव्हा रोलरवाल्या पोरांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. मित्र शिडीवर अर्ध्यात थांबला. मग उतरला, माझ्या हातातून फोन घेतला, आणि गाणं पुढे सरकवलं.